तांबी, आई आणि माझी खुर्ची

दुभाष्याला बैठकीतून उठता येत नाही. बाकी कुणीही उठू शकतं. साहेब फोन आला म्हणून बाहेर जातात, तरुण मुलं चहा आणायला जातात, एखादा नुसताच खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. दुभाषी उठला की मात्र दोन्ही बाजू एकमेकांकडे बघून कसनुसं हसत बसतात आणि बैठक थांबते. पुण्यात दर महिन्याला एक नवी काचेची इमारत उभी राहत होती, त्या वर्षांत मी हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत जपानी दुभाषी होते. काम एवढंच, बसायचं, ऐकायचं आणि बोलायचं. त्यातलं बसणंच मला जमेनासं झालं, त्याची ही हकिगत.

लिहितेय, कारण आमच्या वारज्याच्या सोसायटीतल्या बायका मला जिन्यात गाठून हळू आवाजात विचारतात, "तुमचं ते कसं काय बरं झालं हो?" जिन्यात उभं राहून सांगण्याएवढं ते लहान नाही. आणि हळू आवाजात सांगावं असंही त्यात काही नाही. मी डॉक्टर नाही. माझं काय झालं तेवढंच सांगते. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि पटेपर्यंत विचारा.

आम्ही तिघी

घरात आम्ही तिघी. मी, माझी मुलगी प्रज्ञा आणि माझ्या सासूबाई. प्रज्ञा आठवीत असताना तिचे बाबा हृदयविकाराने गेले. तेव्हा माझ्या माहेरच्यांनी सुचवून पाहिलं की मी त्यांच्याकडे राहायला यावं. सासूबाई म्हणाल्या, "ती कशाला जाईल? घर तिचं आहे. जायचंच तर मी जाईन, आणि मी काही जाणार नाही." विषय संपला. मी त्यांना आई म्हणते. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण मुख्याध्यापिकेचा आवाज काही त्यांनी शाळेला परत केला नाही.

माझं जपानीसुद्धा त्यांच्यामुळेच. माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या बुद्धविहारात एक जपानी भन्ते आले होते. ते तासभर बोलले, आणि त्यांच्याबरोबर आलेला दुभाषी मधूनमधून एवढंच सांगत होता, "ते म्हणतात, मन शांत ठेवा." घरी येताना आई म्हणाल्या, "माणूस तासभर एवढंच कसं म्हणेल? अलका, तू शीक ही भाषा." मी तेव्हा एका कचेरीत टायपिस्ट होते. संध्याकाळच्या वर्गांना जाऊ लागले. कितीतरी वर्षं ती भाषा माझ्याकडे हौस म्हणून पडून होती. मग कंपन्या आल्या, त्यांच्यामागून जपानी गिऱ्हाईकं आली, आणि चाळिशी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमच्याशिवाय सुरू करता येणार नाही." हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते पुन्हा ऐकायला मिळणार नाही अशी पाळी आली, म्हणून मी एवढी घाबरले, हे आधीच सांगून टाकते.

दुकान टाकताय का

पंचेचाळिशीनंतर पाळीचं तंत्र बिघडलं. आधी लवकर येऊ लागली, मग उशिरा, आणि मग आली की जायचं नावच घेईना. निघतो निघतो म्हणत दारात उभं राहून तासभर बोलणारे पाहुणे असतात, तसा प्रकार. गाठी पडायच्या. एकावर एक दोन पॅड लावूनही तासाभरात उठावं लागायचं. जिना चढताना धाप लागायची आणि आरशात बघितलं की तोंड पिठासारखं पांढरं दिसायचं.

"पाळी जाण्याआधी असंच होतं," असं मला प्रत्येकीने सांगितलं. कुठवर होतं, ते कुणी सांगेना.

माझ्या कपाटात काळा, करडा आणि गडद चॉकलेटी एवढेच रंग उरले. कंपनीच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी मी उभी राहायची आणि पाठीला बरं असतं म्हणून सांगायची. औषधांच्या दुकानातल्या काकांकडून मी पॅडची पाकिटं थप्पीने घेऊ लागले. ते ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून, चोरीचा माल असल्यासारखी माझ्या हातात देत. एकदा म्हणाले, "ताई, स्वतःचं दुकान टाकताय का?" मी म्हटलं, "जागा बघतेय." दोघंही हसलो नाही. पुण्यात असल्या बोलण्यावर हसत नाहीत.

ती बैठक

आमचे जपानी गिऱ्हाईक ओकादा-सान, म्हणजे ओकादासाहेब, पुण्यात आले होते. पन्नाशीचे, बारीक, सावकाश बोलणारे गृहस्थ. बैठक चांगली रंगली होती. आमचा प्रकल्पप्रमुख निखिल, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, जोशात फळ्यावर आकृत्या काढत होता. सगळं मनासारखं झालं तर पावसाळ्यानंतर आमच्या लोकांनी जपानला जायचं, आणि दुभाषी म्हणून मी, असं त्याच बैठकीत ठरलं. ओकादा-साननी माझं नाव घेऊन सांगितलं, "अलका-सान आल्या पाहिजेत." आपल्याच नावाचं भाषांतर करताना माझा आवाज किंचित हलला.

आणि त्याच मिनिटाला मला कळलं की सगळं बाहेर आलं आहे. खुर्ची फिकट राखी कापडाची होती.

मी उठले नाही. उठता येतच नव्हतं. निखिल बोलत होता, मी जपानीत सांगत होते आणि मांड्या आवळून बसले होते. बैठक संपल्यावर काय करायचं हा एकच विचार डोक्यात. मध्येच एका वाक्याचा अर्धा भाग माझ्याकडून गळला. ओकादा-साननी माझ्याकडे पाहिलं. मग ते निखिलला इंग्रजीत, अडखळत म्हणाले, "तुमची मशीन्स बघू या. सगळे जाऊ. अलका-सान इथे बसून आजची टिपणं तपासतील." आणि सगळ्यांना घेऊन बाहेर गेले. जाताना त्यांनी दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं.

टिपणं तपासण्यासारखं काही नव्हतं. त्यांना काय समजलं आणि किती, हे मी कधीच विचारलं नाही. मी बाटलीतल्या गार पाण्याने खुर्ची पुसली, ती भिंतीकडे वळवून ठेवली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि मग खाली बसून ढसढसा रडले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण मला उपकारांवर बसायचं नव्हतं, मला नुसतं बसायचं होतं.

तुकडा

पहिले डॉक्टर शहरातले नावाजलेले. त्यांनी सोनोग्राफी वरवर चाळली. "वय? मुलं किती? मिस्टर नाहीत? मग पिशवी ठेवायची कशाला? काढून टाकू." माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेबद्दल विचारावं, तसं त्यांनी माझ्या गर्भाशयाबद्दल विचारलं. ऑपरेशननंतर किती विश्रांती लागेल विचारलं, तर म्हणाले, "दोनेक महिने धरा." रक्त आधी भरून काढायचं, मग ऑपरेशन, मग विश्रांती. म्हणजे जपान गेलं.

प्रज्ञा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "आई, सेकंड ओपिनियन घे ना. मोबाइल घेताना चार दुकानं फिरतेस." तिने वारज्यातल्याच एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी मला बोलू दिलं. मी खुर्चीची गोष्ट सांगितली. घराबाहेर कुणाला तरी ती मी पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाल्या, "पिशवीचं अस्तर जाड झालंय. या वयात हार्मोन्स खालीवर होतात, त्याने होतं. पण आधी आपण त्याचा एक तुकडा तपासायला पाठवू."

तुकडा तपासायला पाठवतात म्हणजे कशासाठी, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते धड आठवत नाही. जपानी शब्द सुचेनात, मराठीही सुचेना. प्रज्ञाला कुकर कसा लावायचा ते शिकवायला लागले, तर ती चिडली, "मला येतं! तू हे आत्ता का शिकवतेयस?" आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. आईंनी मला एकदाही "सगळं ठीक होईल" म्हटलं नाही. त्या बीट किसत बसल्या होत्या. म्हणाल्या, "रिपोर्ट आला की काय ते रडू. आत्ता रडलो तर दोनदा रडावं लागेल."

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. डॉक्टरबाईंनी ते पहिल्याच वाक्यात सांगितलं, मला खुर्चीत बसूही न देता, त्याबद्दल त्यांचं पहिलं कौतुक. त्या दिवशी आम्ही तिघी एकदाच रडलो, ठरल्याप्रमाणे, आणि वाटेत उसाचा रस प्यायलो.

नको म्हणणाऱ्या आई

डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "पिशवी काढायची घाई नको. ज्यांना खरंच गरज असते त्यांनी जरूर काढावी, तुम्हाला आज नाही. तुमच्यासाठी हार्मोनची तांबी चांगली. ती आत बसवतात, आतल्या आत थोडं थोडं औषध सोडते, अस्तर पातळ राहतं. पाच वर्षं बघायला नको. तोवर तुमची पाळी आपोआपच जायच्या बेतात येईल." मी विचार करून सांगते म्हणाले.

त्या रविवारी मांजरी गावाहून माझी नणंद आली. वनिताताई, आईंची थोरली लेक. शेवग्याच्या शेंगा आणि मत, दोन्ही न मागता आणणारी. "काढून टाक बाई पिशवी. मी अडतिसाव्या वर्षी काढली, सुटले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तांबी कसली बसवतेस? नवरा नाही घरात. उद्या चार लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. तांबी म्हणजे मूल होऊ नये म्हणून, एवढंच आपल्याला ठाऊक. विधवेला ती कशाला हवी, हा प्रश्न मला डॉक्टरबाईंसमोर बसल्या बसल्याच पडला होता, आणि कानशिलं गरम झाली होती.

आई शेंगा मोडत होत्या. "लोकांना सांगणार कोण? तू?" त्यांनी लेकीला विचारलं. वनिताताई शेंगा मोडायला पुढे सरसावल्या. मला वाटलं, चला, आई माझ्या बाजूने आहेत. तेवढ्यात त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण तांबी नको. मी सांगते ना, नको."

"का हो आई?"

त्यांनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली आणि सांगितलं. तेवीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते.

केस

आई तरुणपणी खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावात शिक्षिका होत्या. कुटुंबनियोजनाचा तो काळ. वरून हुकूम असायचा की शिक्षकांनीही केसेस आणायच्या. केस म्हणजे बाई. तिला ऑपरेशनला न्यायचं, नाहीतर तांबी बसवायला. केस भरली नाही की वरिष्ठांची बोलणी, पगारवाढ अडकायची. आई शाळा सुटल्यावर घरोघरी जाऊन बायकांना समजवायच्या. त्यांना ते पटलेलंही होतं. लहान कुटुंब असावं, बाईची ओढाताण कमी व्हावी, हे त्या मनापासून बोलायच्या आणि बायका त्यांचं ऐकायच्या.

"हौसाबाई म्हणून एक होती," आई म्हणाल्या. "तांबी बसवली आणि तिचं अंगावरून जायला लागलं ते थांबेना. भर वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची. 'बाई, लई रगत जातंय. काढाया सांगा की वो.' मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. ते म्हणाले, 'होतं असं, थांबा थोडं.' पुन्हा गेले, पुन्हा तेच. काढली तर केस कमी होते ना. मग मीही तिला सांगायला लागले, 'थांब थोडं, हौसाबाई.' शेवटी ती माझ्या दारात यायचीच बंद झाली. रस्त्यात दिसली तर पदर तोंडावर घ्यायची. पुढे माझी बदली झाली."

मग वनिताताईंनी विचारलं, "मग काढली का तिची कुणी?"

"मला काय माहीत," आई म्हणाल्या. आयुष्यभर माहिती ठेवणाऱ्या बाईचं ते उत्तर होतं.

आईंचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून तयार. "मला त्या डॉक्टरणीशी बोलायचंय." तिथे त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि तोंडी परीक्षा सुरू केली. तांबीने रक्तस्राव वाढतो, मग रक्तस्रावावर तांबी कशी? डॉक्टरबाईंनी न कंटाळता सांगितलं, "आजी, तुमच्या वेळची तांब्याची होती, तिने वाढतो, तुमचं बरोबर आहे. हिच्यात तांबं नाही, हार्मोन आहे. नाव आपण जुनंच वापरतो, काम उलटं आहे. सुरुवातीला काही महिने डाग पडत राहतात, ते त्रासाचं असतं. मग बहुतेकींचं कमी होतं, कित्येकींचं बंदच होतं. काहींना मानवत नाही."

आईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "एकच विचारते. हिने काढा म्हटलं तर काढाल?"

"त्याच दिवशी."

"थांबा म्हणून परत पाठवणार नाही?"

"कारणसुद्धा विचारणार नाही. शरीर हिचं आहे."

आईंनी खुर्ची मागे सारली. मग मला म्हणाल्या, "बसवून घे."

बसवली. खोटं कशाला सांगू, दुखलं. एक जोरदार कळ आली, डोळ्यांसमोर पांढरं झालं, सिस्टरने हात धरला आणि मी तिची बोटं पिळून काढली. पण माझं जपानीत आकडे मोजून होईतो झालंसुद्धा. परत येताना आईंनी रिक्षावाल्याला बजावलं, "खड्डे टाळून चालव." तो म्हणाला, "आजी, मग रस्ता कुठला घेऊ?" पोटात दुखत असताना हसणं किती वाईट असतं, ते त्या दिवशी कळलं.

चला, झोपा

नंतरचे दिवस परीक्षेचे. पूर थांबला, पण ठिबक थांबेना. रोज थोडं, तपकिरी, चिकट. आज नाही म्हणावं तर संध्याकाळी आहेच. डोकं दुखायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी हनुवटीवर मुरूम आले, तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "आई, वेलकम टू कॉलेज." मी चिडचिडी झाले होते. तिच्यावर, आईंवर, पोळी करपली तर तव्यावर. त्यात निखिल रोज विचारायचा, "मॅडम, व्हिसाचे पेपर्स?" आणि मी रोज उद्यावर ढकलायची. परक्या देशात, परक्या खुर्चीवर पुन्हा तेच झालं तर, या भीतीने मला घाम फुटायचा. पुन्हा कुणी दार ओढून घेणारा भेटेलच असं नाही.

असे दोनेक महिने गेले आणि एका सकाळी माझा धीर सुटला. आईंना म्हटलं, "मी काढून टाकते. जपानला नाही म्हणून कळवते. पिशवीचंही मग बघू." त्या चपला घालून बरोबर आल्या.

डॉक्टरबाईंना मी एवढंच म्हणाले, "काढा." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बरं. चला, झोपा टेबलवर." सिस्टरला हाक मारली, हातमोजे चढवले. मी भांडायची तयारी करून गेले होते. मनात सगळी वाक्यं रचून ठेवली होती, ती तशीच राहिली. टेबलवर पडून मी छताकडे बघत होते आणि त्या खरोखरच काढायला निघाल्या होत्या.

"तुम्ही मला समजावणार नाही?" मी विचारलं.

"समजावलं होतं तेव्हा. आता तुम्ही सांगताय."

"थांबले तर?"

"बहुतेकींचं सहा महिन्यांच्या आत कमी होतं. तुमचं होईलच असं मी लिहून देणार नाही. आज काढली तरी मी रागावणार नाही, पुढच्या आठवड्यात काढली तरीही नाही. सांगा."

मी पडून राहिले. कसं सांगू, पण दार उघडं आहे म्हटल्यावर माझी पळून जायची घाईच गेली. इतके दिवस मला वाटत होतं की ती वस्तू माझ्यात अडकली आहे आणि मी तिच्यात. तसं काही नव्हतं. मी हवं तेव्हा उठू शकत होते. म्हणून मला थोडं आणखी बसता येणार होतं.

"मग थांबते," मी म्हटलं. त्यांनी हातमोजे काढले आणि पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं, जणू रोजचंच आहे.

बाहेर आई पर्स छातीशी धरून उभ्याच होत्या. "काढली?"

"नाही."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "काढत नव्हती ती?" त्या दाराकडे निघाल्यासुद्धा. मी त्यांचा दंड धरला.

"अहो आई, काढत होत्या. मीच नको म्हटलं."

आई बाकावर खाली बसल्या. पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "हौसाबाईला एवढंच हवं होतं गं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघी खूप वेळ तिथे बसून होतो, आणि मला उठायची गरज पडली नाही हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

पिवळा रंग

ठिबक कधी थांबली ते सांगता येणार नाही. असल्या गोष्टी वाजतगाजत थांबत नाहीत. एक दिवस लक्षात आलं की कालही काही नव्हतं आणि परवाही नव्हतं. महिना झाला तेव्हा मी तुळशीबागेत जाऊन पिवळाधमक पंजाबी ड्रेस घेतला. प्रज्ञा म्हणाली, "फायनली! घरात सूर्य आला." बसमध्ये बसून जाऊ लागले, खिडकीशी. जिना चढून वर पोहोचल्यावर बोलायला श्वास शिल्लक राहू लागला. निखिलला व्हिसाचे कागद दिले.

औषधांच्या दुकानात लोहाच्या गोळ्या घ्यायला गेले, तर काका म्हणाले, "हल्ली दिसत नाही. दुसरं दुकान धरलंत का?"

"नाही, धंदाच बंद केला."

"चालत नव्हता?"

"फार चालत होता." या वेळी मात्र काका हसले.

वनिताताईंनी फोन करून चौकशी केली. मी भरभरून सांगत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "माझी पिशवी काढल्यापासून अंगातून नुसत्या वाफा निघतात गं, इतकी वर्षं झाली. हाडं दुखतात. सुटले सुटले म्हणते मी, पण तेव्हा मला कुणी काही विचारलंच नव्हतं. टेबलवरच घेतलं." मग लगेच म्हणाल्या, "ते जाऊ दे. आमच्या शेजारणीला तुझ्या डॉक्टरणीचा पत्ता सांग." मी पत्ता सांगितला, आणि तुम्हीही बरोबर या म्हटलं. वाफांवरही काही उपाय असेल. आल्या त्या. पुढच्या खेपेला शेंगांबरोबर मत आणायचं विसरल्या.

आईंनी तर कहरच केला. विहारात महिलांची बैठक होती. कुणीतरी अंगावरून जास्त जाण्याचा विषय कुजबुजत काढला. आई उठून उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनेने तांबी बसवली आहे. ती मूल नको म्हणून नाही, रक्त जातं म्हणून. कुणाला काय विचारायचं असेल ते तिला विचारा. आणि कुठेही बसवायला गेलात तर आधी एक विचारा, काढा म्हटलं तर काढाल का? नाही म्हणाले तर तिथून उठून या." मी मागच्या रांगेत पिवळा ड्रेस घालून बसले होते. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. थोडी लाज वाटली, पण थोडीच. मी हात वर करून दाखवला.

ओसाका

जपानला निघताना आईंनी एकच काम सांगितलं. "तिथले कुणी भन्ते भेटले तर विचार, आमच्याकडे आले होते ते त्या दिवशी तासभर खरं काय म्हणाले असतील."

ओसाकाला पहिल्याच दिवशी मोठी बैठक. लांबलचक टेबल, एका बाजूला ओकादा-सान आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला निखिल आणि आमची मुलं, मध्ये मी. खुर्ची दुधासारख्या पांढऱ्या कापडाची होती. ती बघून मी क्षणभर तिच्यामागेच उभी राहिले, खोटं नाही सांगत. मग मी बसले. नीट, पाठ टेकून, मांड्या न आवळता.

बैठक काही संपेना. एका बाजूने प्रश्न, दुसऱ्या बाजूने उत्तर, पुन्हा प्रश्न. जेवणाची वेळ टळली. मी बोलत होते, आणि गोष्ट सांगण्यासारखी अशी की मी दुसऱ्या कशाचाच विचार करत नव्हते. शब्द हाताशी येत होते. एका अवघड वाक्यावर तर ओकादा-सान मनापासून हसले, माझ्या भाषांतरावर. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या पुण्याच्या बैठकीत पाहिलं होतं तसंच, आणि हळूच विचारलं, "अलका-सान, थोडं थांबू या का?"

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. "मला गरज नाही. पण आमच्या लोकांना विचारते."

निखिल आपल्या खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसला होता. "प्लीज, मॅडम," तो कुजबुजला. "सकाळपासून चार कप ग्रीन टी झालाय."

मी जपानीत, अगदी आदरार्थी रूपं वापरून सांगितलं की आमच्या पुरुष सहकाऱ्यांना थोड्या विश्रांतीची आवश्यकता आहे. ओकादा-सान जरा वाकले, आणि मला वाटतं, किंचित हसले. खोली भराभर रिकामी झाली. मी एकटी पांढऱ्या खुर्चीवर बसून राहिले.

घरी फोन लावला. आईंनीच उचलला. सगळं सांगितलं. खुर्ची कशी होती, किती वेळ चाललं, कोण कोण उठून गेलं.

"आणि तू?"

"मी अजून बसलेय, आई."

मग त्यांनी घसा साफ केला आणि त्यांच्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "बरं. आता तरी ऊठ. पाय आखडतील."